जुन्या चर्चच्या आत सिमेंट आणि ऑइलपेंट मारण्याआधी एवढं वाचा

पाऊस गेला की वसई पट्ट्यात चर्चच्या रंगकामाची बोलणी निघतात. नाताळ तोंडावर, वर्गणी जमलेली. कंत्राटदार म्हणतो, जुनं प्लास्टर पाडू, सिमेंट मारू, वर ऑइलपेंट, वीस वर्षं बघायला नको. नवीन चर्च असेल तर हरकत नाही. पण पोर्तुगीज काळातल्या भिंतींना हे काम मारक आहे.

वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकली. आपण वापरतो त्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात निघालं १८२४ साली. म्हणजे त्या काळच्या भिंतींत सिमेंट असणारच नाही. दगड, वाळू आणि चुना, बस्स.

चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्यातून हळूहळू हवेत उडून जाते. वरून सिमेंट आणि ऑइलपेंट मारला की ओलीची वाट बंद. मग पाणी आतच राहतं, त्यातला क्षार प्लास्टरमागे साठतो, फुगतो आणि पोपडे पाडतो. दोनतीन पावसाळ्यांत भिंत पुन्हा खराब, आणि या वेळी आतला मूळचा चुनाही भुसभुशीत झालेला असतो. खाली चकचकीत टाइल्स बसवल्या तरी तेच होतं. जमिनीतून सुटणारी ओल मग भिंतीकडेच वळते. शिवाय जुन्या फरशीत थडग्यांचे कोरीव दगड असतात. ते टाइल्सखाली गेले की गेले.

म्हणून आतल्या कामाची सुरुवात बाहेरून करायची. आधी कौलं, पन्हळी, भिंतीलगतची माती. वाडीत पाणी साचलं तर केळीचं मूळ कुजतं, म्हणून आपण चर काढतोच ना? इथेही पाणी पायापासून लांब न्यायचं. गळती थांबवल्याशिवाय पीओपीचं छत तर अजिबात लावू नका, गळती झाकली जाते आणि वरचं लाकूड गुपचूप सडतं. नंतर भिंत सुकू द्यायची. जाड भिंतीला एक उन्हाळा पुरेलच असं नाही. लोकांना इथेच धीर राहत नाही.

प्लास्टर सरसकट पाडू नका. बोटाने ठोकून बघा, पोकळ वाजेल तेवढंच काढा आणि तिथे भिजवून मुरवलेल्या चुन्याचंच भरा. "दगडी लूक" काढायची हौसही नको. गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकाचं बाहेरचं प्लास्टर १९५०च्या दशकात काढलं, तेव्हापासून उघडा जांभा पावसाने झिजतोय.

वेदीमागची लाकडी नक्षी हा सगळ्यात नाजूक भाग. त्यावर खरा सोन्याचा वर्ख असू शकतो. त्यावर डब्यातला सोनेरी रंग मारला तर तो काही वर्षांत काळपट पडतो, आणि काढायला गेलं तर वर्खही निघतो. पाणी, साबण, सॅंडपेपर लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, वाळवी बघा, बाकी जाणकारावर सोडा. जाणकार आधी कोपऱ्यात पंजाएवढ्या जागेत रंगाचे थर एकेक करून उघडतो. जुना रंग, कधी चित्र, तिथे सापडतं.

असं काम जवळून बघायचं तर भायखळ्याचं अवर लेडी ऑफ ग्लोरी चर्च आहे. त्याच्या दुरुस्तीला २०१९ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. समितीतल्या चार जणांनी लोकलने जाऊन यावं, कंत्राटदारालाही बरोबर न्यावं.

काम सुरू होण्याआधी मोबाइलवर दिवसाउजेडी प्रत्येक भिंतीचे, मूर्तीचे, फरशीचे फोटो काढून ठेवा. आणि एक कागदाची गोष्ट. वसई किल्ला केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत वास्तू असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते. ती हातात आल्यावरच परात बांधा.