किडींचीं सूक्ष्म छायाचित्रें : एका नवशिक्याचे प्रयत्न

महसूल खात्यांतील कारकुनी संपवून घरची शेती पाहूं लागल्यावर पुतण्यानें आपला जुना कॅमेरा व जवळून चित्र घेण्याचें भिंग मजकडे दिलें. त्या हंगामांत रब्बी ज्वारीवर चिकटा पडला होता. पानांच्या मागील अंगास मावा होता, आणि त्यांतच काळ्या, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरत होत्या. ही नवीच कीड पीक खाणार असें ठरवून मीं फवारणीचें औषध आणविलें. परंतु फवारण्यापूर्वीं तिचें स्पष्ट चित्र कृषिविज्ञान केंद्रांत दाखवावें असें मनांत आलें. त्या खटाटोपांत जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

पहिली अडचण अशी, कीं भिंग इतकें जवळ नेल्यावर एका वेळीं जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. डोकें स्पष्ट आलें तर पाठ धुकट, आणि पाठ आली तर पाय धुकट. भिंगाचें छिद्र लहान केल्यास ही जाडी वाढते खरी; परंतु छिद्र फारच बारीक झालें म्हणजे त्यांतून जातांना प्रकाश पसरतो व सगळेंच चित्र मऊ पडतें. यावर तोड म्हणजे फोकस स्टॅकिंग. किड्याच्या पुढील टोंकापासून मागील टोंकापर्यंत स्पष्टतेची पातळी थोडथोडी सरकवीत अनेक चित्रें घ्यावयाचीं, आणि प्रत्येकांतील स्पष्ट भाग संगणकाकडून जोडून घ्यावयाचा. गटांचे नकाशे जोडून गांवचा नकाशा करावा, तसाच हा प्रकार. हेलिकॉन फोकस व झेरीन स्टॅकर हे त्यासाठीं विकत मिळणारे कार्यक्रम आहेत. हगिनसोबत येणारीं साधनें मोफत आहेत.

माझे पहिले तीन प्रयत्न फुकट गेले. पहिल्यांदा भर दुपारीं बसलों. अळी चालत राहिली, पान वाऱ्यानें हाललें, आणि जोडलेल्या चित्रांत सहा पायांच्या अळीस बारा पाय आले. दुसऱ्यांदा प्रकाशाचें माप कॅमेऱ्यावर सोंपविलें. प्रत्येक चित्र कमीअधिक उजळ निघालें. तिसऱ्यांदा टप्पे मोठे घेतले, त्यामुळें अंगावर स्पष्ट व धुकट असे पट्टे उमटले.

चौथ्या वेळीं पहाटेस शेतांत गेलों. थंडीनें किडे जड झालेले असतात व वाराही पडलेला असतो. पान खुंटीस चिमट्यानें अडकविलें, कॅमेरा तिपाईवर बसविला, प्रकाशाचें माप स्वतः ठरवून कायम ठेविलें. अळीच्या चकचकीत अंगावर झळ येऊं नये म्हणून दिव्यापुढें पातळ पांढरा कागद धरिला. पाव मिलिमीटराहून लहान टप्प्यांनीं तीस चित्रें घेतलीं, म्हणजे प्रत्येक चित्राचा स्पष्ट भाग पुढच्यावर थोडा चढला.

जोडलेलें चित्र पाहून मी थबकलों. अळीच्या जबड्यांत अर्धवट खाल्लेला मावा होता. केंद्रांतील तज्ज्ञांनीं सांगितलें, कीं ही ढालकिड्याची अळी. ठिपकेदार पाठीचा प्रौढ किडा व त्याची अळी दोन्हीं मावा खातात. औषधाची बाटली तशीच फळीवर राहिली. मावा सर्वस्वीं गेला नाहीं, खालचीं कांहीं पानें काळवंडलीं; परंतु पीक हातीं आलें. मागील हंगामांत अशाच किती राखणदारांवर मीं फवारणी केली असेल, याचा विचार मात्र मनांतून जात नाहीं.

नवशिक्यानें प्रथम पानास चिकटलेला ढालकिड्याचा कोष किंवा पिवळ्या अंड्यांचा पुंजका निवडावा. तीं जागचीं हालत नाहींत. चित्रासाठीं किडा मारूं नये. ज्यांस कॅमेरा परवडत नाहीं, त्यांनीं दहापट मोठें दाखविणारें हातभिंग तरी खिशांत बाळगावें, आणि पंप पाठीस बांधण्यापूर्वीं पानाची मागील बाजू एकदां नीट पाहावी.