सुट्टी जव्हारच्या डोंगरातली

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतली डोंगराळ खेडी झपाट्याने रिकामी झाली. उतारावरची शेती सोडून तरुण तुरिन-मिलानच्या कारखान्यांकडे गेले. १९८५ मध्ये तिथे कृषी पर्यटनाचा राष्ट्रीय कायदा झाला. शेतकऱ्याने घरी पाहुणे ठेवावेत, शेतात पिकलेले त्यांना वाढावे. पण मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे, अशी त्यात अट होती. या अटीनेच खेड्यांचे रिसॉर्ट होऊ दिले नाहीत, असे मला वाटते. आज त्या देशात पंचवीस हजारांवर शेतघरे पाहुण्यांचे स्वागत करतात.

वसई-विरारकरांना असा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे. महामार्गाने मनोरला यायचे, विक्रमगडच्या रस्त्याला लागायचे, की दोन-अडीच तासांत जव्हार. उंची दीड हजार फुटांच्या आसपास. मुकणे घराण्याचे हे महादेव कोळी संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. त्यांचा जय विलास राजवाडा अजून उभा आहे. शिरपामाळावर शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीला जाताना थांबले होते, असे सांगतात. दाभोसा धबधबा सगळ्यांना ठाऊक असतो. पावसाळ्यात तो लांबूनच पाहावा. तिथल्या डोहाने जीव घेतले आहेत.

बहुतेक लोक एवढे पाहून संध्याकाळी परततात, आणि खरा मुलूख बघायचा राहून जातो. दिवाळीच्या सुमारास खाचरांत भाताची कापणी चालू असते, वरकस जमिनीवर नागली आणि वरई काढणीला आलेली असते. चुलीवरची नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा, हे जेवण शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून जेवावे. होळीनंतर गावोगावी बोहाडे होतात. देवदेवतांचे रंगीत मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचतात. वारली चित्रेही दुकानात पाहण्यापेक्षा ती काढणाऱ्याच्या अंगणात पाहावीत. जव्हारजवळच्या वाळवंडा गावात ‘ग्रासरूट्स’ या संस्थेच्या साथीने गावकऱ्यांनीच असे पर्यटन उभे केले: जेवण त्यांच्या घरचे, वाटाडेही तेच.

मला हे महत्त्वाचे वाटते त्याचे कारण पर्यटनापलीकडचे आहे. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड उचलून वसई, भिवंडी, ठाण्याकडे निघतात. इथे पाऊस धो धो पडतो, पण खडकाळ उतारावरून वाहून जातो. शेती एकाच हंगामाची. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत वीटभट्टी नाहीतर बांधकामाची मजुरी. आपल्या इमारतींच्या विटांत या माणसांचा घाम आहे. मुलांची शाळा मध्येच सुटते. जव्हार तालुक्यातल्याच वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. आपल्या नळाला येणारे सूर्या प्रकल्पाचे पाणीसुद्धा याच डोंगरपट्ट्यातले, विक्रमगड तालुक्यातल्या धामणी धरणाचे.

पाहुण्यांच्या चार पैशांनी स्थलांतर थांबेल असे मी म्हणणार नाही. त्यासाठी पाणी अडवणे आणि रोजगार हमीची कामे वेळेवर निघणे, हेच मुख्य उपाय. पण हिवाळाभर घरी पाहुणे येत राहिले, तर एखाद्या कुटुंबाला भट्टीवर न जाण्याइतका आधार नक्कीच मिळू शकतो. राज्य सरकारचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करू देते. अडचण अशी की दोन एकर वरकस जमीन असलेल्या वारली शेतकऱ्याला खोली आणि स्वच्छतागृह बांधायला भांडवल कुठून मिळणार? जिल्ह्यातल्या सहकारी बँकांनी आणि पतपेढ्यांनी इथे पुढे यायला हवे.

आपण काय करायचे? यंदाच्या सुट्टीत एक मुक्काम शेतकऱ्याच्या घरी ठेवा. आधी कळवून जा, सोबत गावातलाच वाटाड्या घ्या, दारू आणि मोठा आवाज घरीच ठेवा. परतताना नागली, वरई, काजू थेट त्यांच्याकडून घ्या, आणि भावात घासाघीस करू नका.