बुडापेस्टचं ऊन पाणी: समज आणि वस्तुस्थिती

मध्य युरोपच्या सहलीत प्राग आणि व्हिएन्ना यांच्या जोडीला बुडापेस्ट हमखास येतं. पण त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा एखादाच दिवस असतो. संसद भवनासमोर फोटो, संध्याकाळी डॅन्यूबवर बोटीची फेरी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढची बस. ज्या गोष्टीसाठी या शहरात तीन-चार दिवस निवांत राहावं, ती जमिनीखालून येणाऱ्या ऊन पाण्याची स्नानगृहं कार्यक्रमात सहसा नसतात. वेळ कमी पडतो हे खरंच, पण त्याहून आड येतात या स्नानगृहांबद्दलचे गैरसमज.

सगळ्यात पक्का गैरसमज पाण्याच्या उगमाबद्दलचा. पाणी गरम आहे म्हणजे खाली ज्वालामुखी असणार, असं आपण धरून चालतो. आइसलँडच्या बाबतीत ते बरोबर ठरतं. बुडापेस्टखाली मात्र धुमसता ज्वालामुखी नाही, तिथलं पाणी हे मुळात पावसाचं पाणी आहे. शहराच्या पश्चिमेचे बुडाचे डोंगर चुनखडी आणि डोलोमाइटचे आहेत. त्यांच्यावर पडलेला पाऊस भेगाभेगांतून मुरत खूप खोल जातो. हंगेरी ज्या पॅनोनियन खोऱ्यात वसला आहे, तिथलं भूकवच पातळ आहे. जगात सरासरीने एक किलोमीटर खोल गेलं की तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढतं, इथे ते ४५ अंशांच्या आसपास वाढतं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर येऊ लागतं. त्याला वाट मिळते ती बुडाचे डोंगर आणि पेस्टचं मैदान यांच्या सीमेवरच्या भूभ्रंशातून, म्हणजे थेट डॅन्यूबच्या काठाने. म्हणूनच जुनी स्नानगृहं नदीच्या पश्चिम तीरावर ओळीने उभी दिसतात.

या प्रवासाला हजारो वर्षं लागू शकतात, आणि वाटेत पाणी डोंगर पोखरत येतं. खालून येणारं गरम पाणी आणि वरून उतरणारं थंड पाणी एकमेकांत मिसळलं, की त्या मिश्रणाची चुनखडी विरघळवण्याची ताकद वाढते. लुकाच स्नानगृहाजवळची मोल्नार यानोश गुहा अशीच तयार झाली. ती बरीचशी ऊन पाण्याने भरलेली आहे आणि पाणबुडे आत शिरून अजूनही तिचे नकाशे काढतात. भर वस्तीखाली पाण्याचं हे पोखरण्याचं काम आजही चालू आहे, ही गोष्ट बुडापेस्टच्या कुठल्याही राजवाड्याइतकीच पाहुण्याला सांगण्याजोगी आहे.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीची कुंडं, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वर भागातलं तुरळ, राजापूरचं उन्हाळे यांच्याविषयीही ‘खाली ज्वालामुखी आहे’ असं सर्रास सांगितलं जातं. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याचाच आहे, पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच निवली. कोकणातलं पाणीही खोल भेगांत उतरून, तिथल्या उष्णतेने तापून वर येतं. खडक वेगळा, रीत तीच.

आता इतिहासाकडे. ‘ही सगळी तुर्की हमामं’ हे वाक्य मार्गदर्शक पुस्तिकांतून इतकं फिरलं आहे की सेचेन्यी स्नानगृहाच्या पिवळ्या भिंतींपुढे उभं राहूनही लोक तेच म्हणतात. तुर्कांनी १५४१ मध्ये बुडा घेतलं आणि १६८६ पर्यंत त्यावर राज्य केलं. रुदॉश, वेली बेय आणि किराय ही स्नानगृहं त्या काळातली. रुदॉशचा अष्टकोनी हौद, आठ खांबांवरचा घुमट आणि घुमटाच्या छिद्रांतून पाण्यावर पडणारे उजेडाचे झोत बुडाचा पाशा सोकोल्लू मुस्तफाच्या काळापासून टिकून आहेत. किरायची तर आणखी गंमत. त्याला स्वतःचा झराच नाही. शहराला वेढा पडला तरी स्नान अडू नये म्हणून ते तटाच्या आत बांधलं आणि लुकाचच्या बाजूच्या झऱ्यांचं पाणी तिथवर वाहून आणलं.

पण तुर्कांच्या कितीतरी आधी रोमन इथे नाहत होते. आजच्या ओबुडा भागात त्यांचं आक्विंकुम हे शहर होतं आणि तिथल्या स्नानगृहांचे अवशेष आजही पाहता येतात. सेचेन्यी तर अगदी अलीकडचं, १९१३ सालचं. पेस्टच्या सपाट बाजूला मुळात असे झरे नव्हते. विल्मोश झिग्मोन्दी या खाण अभियंत्याने दहा वर्षं खपून १८७८ मध्ये तिथे ९७० मीटर खोल विहीर खोदली आणि ७४ अंशांचं पाणी वर आणलं. सेचेन्यीच्या उघड्या हौदांत बुद्धिबळाचा पट मांडून बसलेल्या आजोबांची जी छायाचित्रं जगभर फिरतात, त्यांच्या मुळाशी पाशापेक्षा या अभियंत्याची चिकाटी आहे. त्याचं नाव पाहुण्यांना ठाऊक नसावं, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

‘स्पा’ म्हटलं की आपल्याकडे पंचतारांकित हॉटेल, सुगंधी मेणबत्त्या आणि मालिश डोळ्यांसमोर येतं. बुडापेस्टची प्रसिद्ध स्नानगृहं शहराच्या मालकीच्या कंपनीमार्फत चालवली जातात. सांधेदुखीच्या रुग्णाला हंगेरीत डॉक्टर चिठ्ठीवर स्नानोपचार लिहून देतात आणि सरकारी आरोग्य विमा खर्चाचा भार उचलतो. लुकाचच्या आवारातल्या भिंतीवर बऱ्या झालेल्या लोकांनी लावलेल्या आभाराच्या संगमरवरी पाट्या आहेत. सेचेन्यीची तिकिटं पर्यटकांच्या गर्दीमुळे आता स्वस्त राहिलेली नाहीत, हे मात्र मान्य करायला हवं. स्थानिकांची रोजची ये-जा पाहायची असेल तर लुकाचच बरं.

म्हणून हे पाणी सर्व रोगांवर रामबाण, असंही नाही. या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सल्फेट असे क्षार आहेत. जुनाट सांधेदुखी, पाठदुखी, अस्थिभंगानंतरचा आखडलेपणा यांत अशा स्नानाने आराम पडतो. त्यात पाण्याची ऊब आणि अंगावरचा हलका झालेला भार यांचाही मोठा वाटा असतो. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम हौदात उतरू नये.

जास्त वेळ बसलं तर जास्त गुण, हाही समज पाण्याबाहेरच ठेवावा. ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात एका वेळी वीसेक मिनिटं पुरतात. रुदॉशच्या ४२ अंशांच्या छोट्या हौदात त्याहूनही कमी. मग बाहेर यावं, पाणी प्यावं, आडवं पडावं, वाटलं तर पुन्हा उतरावं. दिवसाला एकच स्नानगृह ठेवलं तर सहल खरोखर विश्रांतीची होते. एका दिवसात तीन ठिकाणी शिक्के मारत फिरणाऱ्याला हाती थकवाच लागतो.

कपड्यांचा प्रश्न आपल्याकडचे लोक विचारायला लाजतात, म्हणून तो स्पष्ट सांगितलेला बरा. स्त्री-पुरुष एकत्र असतात तिथे पोहण्याचा पोशाख घालावाच लागतो. कपडे बदलायला दार लागणाऱ्या खोल्या मिळतात आणि मनगटावरच्या पट्टीने त्या उघडतात. पोहण्याच्या तलावात टोपी लागते. पायात रबरी चपला असाव्यात. रुदॉशच्या तुर्की भागात वेगळी परंपरा आहे. तो विसाव्या शतकात कित्येक दशकं फक्त पुरुषांचा होता, २००५ च्या दुरुस्तीनंतर तो स्त्रियांनाही खुला झाला. तिथे काही दिवस स्त्रियांसाठी, काही पुरुषांसाठी, तर शनिवार-रविवार सर्वांसाठी अशी वाटणी असते. निघण्याआधी वेळापत्रक पाहून घ्यावं. गंधकाचा अंश असलेल्या पाण्यात चांदी काळवंडते, तेव्हा पैंजण, जोडवी खोलीवरच काढून ठेवावीत.

हंगामाबद्दलही उलटाच समज आहे. गरम पाणी म्हणजे उन्हाळ्यात नकोसं, आणि हिवाळ्यात बाहेर पडवत नाही, मग जायचं कधी? खरं तर जानेवारीत, शून्याखालच्या हवेत, सेचेन्यीच्या उघड्या हौदातून वाफेचे लोट उठत असतात, तेव्हा जाण्यासारखा दुसरा काळ नाही. १८९६ साली सुरू झालेल्या युरोपच्या मुख्य भूमीवरच्या सर्वांत जुन्या भुयारी रेल्वेने थेट दारात उतरता येतं. गेलेर्ट हे १९१८ चं रंगीत काचा आणि टाइलांनी नटलेलं स्नानगृह मात्र २०२५ च्या ऑक्टोबरपासून मोठ्या नूतनीकरणासाठी बंद आहे.

हे पाणी माणसांपुरतंही थांबत नाही. सेचेन्यीच्या शेजारच्या प्राणिसंग्रहालयात पाणघोडे ऊन पाण्यातच राहतात, आणि तिथे त्यांची पैदास चांगली झाली याचं श्रेय या पाण्याला दिलं जातं.

उरतो तो शेवटचा आणि सगळ्यात महागात पडू शकणारा समज, पाणी अक्षय आहे हा. पश्चिम हंगेरीतल्या चुनखडीच्या पट्ट्यात विसाव्या शतकात कोळसा आणि बॉक्साइटच्या खाणी कोरड्या ठेवण्यासाठी भूजलाचा प्रचंड उपसा झाला. त्यापायी बुडापेस्टपासून जवळच्या ताता गावाचे झरे आटले. हेविझ या प्रसिद्ध ऊन पाण्याच्या सरोवराची आवकही घटू लागली, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि न्यिरादची बॉक्साइट खाण १९९० मध्ये बंद करावी लागली. त्यानंतर भूजलाची पातळी हळूहळू चढत गेली आणि तातामध्ये झरे पुन्हा वाहू लागले. मधल्या कोरड्या काळात त्या जागांवर घरं आणि रस्ते झाले होते, त्यामुळे परतलेल्या पाण्याला वाट करून देण्याचं काम तिथल्या लोकांना करावं लागलं.