उखळी तोफांची शिडाची गलबते

अमेरिकेच्या यादवी युद्धातील आरमारी लढायांचा विषय निघाला की वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे १८६२ च्या मार्चमध्ये लोखंडी चिलखत घालून एकमेकांवर आदळलेली 'मॉनिटर' आणि 'मेरिमॅक' ही दोन जहाजे उभी राहतात, आणि लाकडी जहाजांचे युग त्या दिवशी संपले असे इतिहासकार बहुधा एका वाक्यात सांगून मोकळे होतात. परंतु पुढच्याच महिन्यात मिसिसिपी नदीच्या खालच्या वळणावर, कालपर्यंत व्यापारी माल वाहणाऱ्या वीस लाकडी स्कूनरांनी सहा दिवस आणि सहा रात्री एका भक्कम किल्ल्याशी जो झगडा मांडला, त्याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. त्या उपेक्षित गलबतांचा वृत्तांत सांगण्याचा हा यत्न आहे.

त्यांना आरमारात ओढले ते निकडीने. १९ एप्रिल १८६१ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली तेव्हा राखावयाचा किनारा साडेतीन हजार मैलांचा, आणि आरमाराच्या दफ्तरी जहाजे अवघी नव्वदीच्या घरात. त्यांतलीही निम्मीअधिक नादुरुस्त किंवा परमुलखी. तेव्हा आरमार खात्याचे सचिव गिडियन वेल्स यांनी धक्क्यावर जे तरंगते दिसेल ते विकत घेण्याची तजवीज केली. हे काम त्यांनी स्वतःच्या मेहुण्याकडे, जॉर्ज मॉर्गन यांच्याकडे, दलालीवर सोपविले म्हणून पुढे बराच गवगवा झाला, तो अकारण होता असे म्हणवत नाही. मात्र जहाजे मिळाली हेही खरे.

वीस स्कूनरांची कल्पना डेव्हिड डिक्सन पोर्टर या धडाडीच्या अधिकाऱ्याची. न्यू ऑर्लिन्स हे तेव्हा दक्षिणेचे सर्वांत मोठे शहर. त्याच्या खाली सुमारे सत्तर मैलांवर नदीच्या पश्चिम तीरास फोर्ट जॅक्सन आणि पूर्व तीरास फोर्ट सेंट फिलिप असे दोन किल्ले वाट अडवून बसलेले. त्यांच्यावर आधी उखळी तोफांचा मारा करावा, आणि मग मोठ्या जहाजांनी मुसंडी मारावी, अशी ती मसलत होती. पिट्सबर्ग येथे ओतलेली तेरा इंची उखळी तोफ वजनाने सुमारे सतरा हजार पौंड, आणि तिचा एकेक गोळा दोनशे पौंडांच्या वर. एवढा भार, आणि प्रत्येक बारागणिक बसणारा त्याचा खाली दडपणारा धक्का, दोन-अडीचशे टनांच्या गलबताने सोसावा कसा? सुतारांनी गलबताच्या मध्यावर तळाच्या कण्यापासून डेकपर्यंत ओंडक्यांवर ओंडके रचून पोकळी भरीव करून टाकली, आणि त्या लाकडी चौथऱ्यावर फिरत्या बैठकीवर तोफ बसविली. जेथे मालाच्या गोणी रचावयाच्या तेथेच आता धक्का पेलणारे काष्ठ ठासले गेले. अनामिक कारागिरांच्या या कामास मी पोर्टरच्या युद्धकौशल्याइतकेच श्रेय देईन. सहा दिवसांच्या माऱ्यात ही गलबते सांध्यांतून उकलली नाहीत, यातच सर्व आले.

गलबते नदीत शिरल्यावर किनारा-मोजणी खात्याचे फर्डिनंड गेर्डेस आणि त्यांचे सहकारी होड्यांतून हिंडून तीरांचा त्रिकोणमितीने नकाशा सिद्ध करीत होते, कारण झाडीआडून डागावयाच्या तोफांना लक्ष्य दिसणार नव्हते; नेम धरावयाचा तो गणिताच्या भरवशावर. चौदा गलबते पश्चिम तीरालगतच्या दाट झाडीआड नांगरली गेली. सर्वांत पुढचे किल्ल्यापासून २,८५० यार्डांवर होते. झाडीच्या शेंड्यांवरून डोलकाठ्या दिसू नयेत म्हणून त्यांना झाडांच्या फांद्या बांधल्या होत्या. उरलेली सहा समोरच्या तीरास, अधिक उघड्यावर.

१८ एप्रिल १८६२, गुड फ्रायडे. सकाळी मारा सुरू झाला, आणि दर गलबतामागे दहा मिनिटांस एक गोळा या हिशेबाने तो चालला. सायंकाळी फोर्ट जॅक्सनच्या आतील लाकडी इमारती पेटल्या. दुसऱ्या दिवशी किल्ल्याने उत्तर दिले: 'मरिया जे. कार्लटन' या स्कूनरच्या डेकमधून शिरलेला गोळा दारूकोठार भेदून तळातून पार झाला, आणि तरीही दारू पेटली नाही. गलबत मात्र बुडाले. एवढ्या माऱ्यात बुडालेले हे एकच. खलाशी थकून डेकवरच, त्या गडगडाटात, झोपी जात.

२४ तारखेच्या पहाटे पोर्टरचा दत्तक बंधू फॅरागट मोठी जहाजे घेऊन किल्ल्यांच्या मधून निघून गेला, पाठोपाठ न्यू ऑर्लिन्स पडले, आणि २७ च्या रात्री फोर्ट जॅक्सनच्या शिबंदीने बंड केल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही किल्ले पोर्टरच्या हवाली झाले. श्रेयाचा तंटा लगेच सुरू झाला. भूसेनेचे इंजिनिअर वाइट्झेल यांनी किल्ले अजून लढण्याजोगे होते असा अहवाल दिला. आरमाराच्या पक्षाने गोळे पडलेल्या जागांचे नकाशे पुढे केले. माझ्या मते तट ढासळला की नाही हा प्रश्नच गौण आहे: सहा दिवस छपराविना, चिखलात, निद्रेविना काढलेल्या शिबंदीचे मन ढासळले होते, आणि ते काम उखळी तोफांचेच.

पुढील हकिकत विखुरलेली आहे. जुलैत व्हिक्सबर्गखाली 'सिडनी सी. जोन्स' गाळात रुतले आणि शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याच्याच खलाशांनी ते उडवून दिले. 'हेन्री जेन्स' सप्टेंबरात टेक्सासच्या सबाइन खाडीवर आणि लागलीच गॅल्व्हस्टनच्या काबिजीत हजर होते. 'पॅरा', 'नॉरफोक पॅकेट' आणि 'सी. पी. विल्यम्स' यांनी १८६३ च्या मार्चमध्ये जॉर्जियातील फोर्ट मॅकअ‍ॅलिस्टरवर गोळे टाकले. एरव्हीचे काम म्हणजे महिनोन्‌महिने खाडीच्या तोंडाशी नांगरून चोरट्या जहाजांवर नजर ठेवणे. कीर्ती नाही, केवळ खारा वारा आणि कंटाळा. नाकेबंदीचा जोर मात्र त्याच कंटाळवाण्या पहाऱ्यात होता.

आणि त्या पहाऱ्याची झळ आपल्या मुलखास लागलेली आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे चार-पंचमांश भाग अमेरिकेतून येत असे. तो अडताच लँकेशायरची नजर मुंबईकडे वळली. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले, हिंगणघाट-खामगावच्या बाजारांत रोकड खेळू लागली, आणि मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्या काळात शेअरांचा तो प्रख्यात उन्माद माजला, ज्यात बॅक बे रेक्लमेशनच्या पाच हजारांच्या शेअराचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ च्या एप्रिलात दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, आणि युद्ध संपण्याच्या चिन्हांनी कापसाचे भाव गडगडले. त्या उन्हाळ्यात आमच्या स्कूनरांपैकी अनेक लिलावात विकले जाऊन पुन्हा व्यापारास लागले, आणि १ जुलै रोजी, वायद्यांच्या मुदतीच्या दिवशी, मुंबईच्या पेढ्या कोसळल्या. ज्या शेतकऱ्याने कापसाच्या भरभराटीत, पत वाढली म्हणून, सावकाराकडून हात सैल सोडून कर्ज उचलले होते, त्याच्या मानेवर ते भाव उतरल्यावरही तसेच राहिले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले, त्या दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेही कारणांत या कापसाच्या तेजीमंदीची नोंद केलेली आहे.