‘मरियम’ म्हणजे कडू? मुलीचे नाव बदलण्याआधी हे वाचा

मुलीला पहिलीत घालायला आलेल्या एका आईने आम्हाला विचारले, "मरियम नावाचा अर्थ कडू होतो म्हणे, मोबाईलवर आलंय. शिवाय नणंद म्हणते, हे तर ख्रिश्चनांचं नाव. बदलून टाकू का?"

प्रश्न फालतू नव्हता. वाईट अर्थाचे नाव बदलणे ही सुन्नतच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ‘अवज्ञा करणारी’ अशा अर्थाचे एका मुलीचे नाव बदलून ‘जमीला’ ठेवले होते. पण मरियमची गोष्ट वेगळी आहे.

मूळ हिब्रू नाव ‘मिर्याम’. तौरातमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या बहिणीचे हेच नाव आहे. हिब्रूत ‘मर’ म्हणजे कडू (अरबीतही ‘मुर्र’ म्हणजे कडूच), त्यावरून तो अर्थ निघाला. पण ही एक अटकळ झाली. कोणी ‘बंड करणारी’ म्हणतात, तर कोणी मिसरच्या प्राचीन भाषेतल्या ‘प्रिय’ या अर्थाच्या शब्दाशी नाते जोडतात. अभ्यासकांचे एकमत नाही. मुफस्सिर जमखशरी यांनी ‘इबादत करणारी’ असा अर्थ दिला आहे.

आता नणंदेचा आक्षेप. आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला दर सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. ती माउली म्हणजे हजरत ईसा (अ.) यांची आई. मराठी बायबलमध्ये ती ‘मरीया’, इंग्रजीत ‘मेरी’, आपल्याकडे ‘मरियम’. नाव एकच, उच्चार वेगळे.

आणि कुरआनात नावानिशी उल्लेख असलेली स्त्री एकच, हजरत मरियम. त्यांचे नाव 34 वेळा येते. 19वी सूरह त्यांच्याच नावाची आहे, 98 आयतींची. सूरह आले इम्रानच्या 36व्या आयतीत नाव ठेवण्याचा प्रसंगच आहे. आईने पोटातले मूल अल्लाहच्या सेवेला वाहिले होते. झाली मुलगी. तरी आईने तिचे नाव मरियम ठेवून तिच्यासाठी दुआ मागितली, आणि अल्लाहने ती मुलगी आनंदाने कबूल केली. यापेक्षा गोड अर्थ कोणता हवा?

एवढे मात्र सांभाळा. उर्दूत हे नाव मीम, रे, ये, मीम असे चार अक्षरांत ठरलेले आहे. मराठी-इंग्रजीत मात्र कोणी मरियम लिहितो, कोणी मर्यम, कोणी मरीयम. जन्मदाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर, तिन्हीकडे स्पेलिंग एकच ठेवा. पुढे दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ होते ती यामुळेच, अर्थामुळे नाही.

त्या आईने फॉर्मवर ‘मरियम’च लिहिले.