दार हवे की खिडकी? स्वयंपाकघर वाढवताना घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार

दोन वर्षांपूर्वी आम्ही घराचे स्वयंपाकघर परसात अकरा फूट पुढे नेण्याचे ठरवले. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती असल्याने उघडी बाजू एकच होती, पूर्वेची, आणि तीही जेमतेम दहा फुटांची. या दहा फुटांवरून घरात तीन मते झाली. पत्नीला ओट्यावर लांबरुंद खिडकी हवी होती. मुलाला संपूर्ण भिंतभर सरकते काचेचे दार हवे होते. एक्याऐंशी वर्षांच्या आईला मात्र पूर्वीसारखे साधे परसदारच हवे होते. ती म्हणाली, “खिडकीतून नुसतं दिसतं रे. दारातून माणसं येतात.”

तीस वर्षे रुग्ण तपासणाऱ्या मला प्रथम हा वाद आवडीनिवडीचा वाटला. पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, वयस्कर माणसाचा श्वास, दृष्टी, तोल आणि एकटेपणा या चारही गोष्टींचा संबंध त्या दहा फुटांशी आहे. ज्या कुटुंबांत असे बांधकाम निघाले आहे, त्यांच्यासाठी हे अनुभव मांडत आहे.

खिडकीचे काम

खिडकीचे पहिले काम उजेडाचे. वय वाढते तशी डोळ्यातली बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर, धूसर होते. त्यामुळे तरुण माणसाला पुरेसा वाटणारा उजेड वृद्धाला अपुरा पडतो. विळी किंवा सुरी चालवताना, तांदळातले खडे वेचताना, औषधाच्या पट्टीवरील बारीक अक्षरे वाचताना हा फरक जाणवतो. उजेड ओट्यावर बाजूने किंवा समोरून पडावा. तो पाठीमागून आला, तर आपलीच सावली हातावर पडते. मोतीबिंदू असलेल्यांना मात्र थेट डोळ्यांवर येणारे ऊन दिपवते. अशा घरी खिडकीला पातळ पडदा असावा.

दुसरे काम धूर आणि वाफ बाहेर काढण्याचे. फोडणीचा धूर व तापलेली हवा वर जाते, म्हणून खिडकीचा वरचा भाग उघडता येणे महत्त्वाचे. ज्या स्त्रियांनी आयुष्याची उमेद चुलीपुढे घालवली, त्यांच्यापैकी कित्येकींना विडीला कधी स्पर्श न करताही फुफ्फुसांचा जुनाट विकार जडलेला असतो. त्यांना मिरचीच्या एका फोडणीनेही खोकल्याची उबळ येते. धूर ओढून घेणारा पंखा बसवला म्हणून खिडकी नको, असे समजू नये. बाहेरून ताजी हवा आत येण्यास वाट नसेल, तर पंखा नुसताच फिरत राहतो.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत यासंबंधी नेमके माप दिलेले आहे. उष्ण व कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश आणि उष्ण व दमट हवामानात एक षष्ठांश इतकी उघडी जागा प्रकाश आणि वाऱ्यासाठी असावी. या हिशेबात दारे धरलेली नाहीत, हे विशेष. दार बहुधा बंद असते आणि खिडकी उघडी राहू शकते, हा त्यामागचा व्यवहार उघड आहे. दहा फूट रुंद व अकरा फूट लांब खोलीला पहिल्या हिशेबाने अकरा चौरस फूट, तर कोकणासारख्या दमट प्रदेशात सुमारे अठरा चौरस फूट खिडकी हवी. शिवाय डासांची जाळी लावली की वारा आणखी कमी होतो.

दाराचे काम

मग दार कशासाठी? याचे उत्तर मला आमच्याच घरात मिळाले होते. बांधकामाच्या आदल्या पावसाळ्यात दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. आई चार हातांवर भाजी निवडत बसली होती. तिला वास आलाच नाही. पत्नी बाहेरून आली, तेव्हा तिला उंबऱ्यातच तो जाणवला. गॅसची गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. परंतु उतारवयात घ्राणशक्ती मंदावते आणि ही सूचना नेमकी तिथेच निकामी ठरते.

सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. तीन-साडेतीन फुटांवर सुरू होणाऱ्या खिडकीतून तो सहजासहजी बाहेर पडत नाही. जमिनीला टेकलेले दार किंवा भिंतीच्या तळाशी ठेवलेली जाळीची झडप हीच त्याची वाट. त्या दिवशी परसदार उघडे होते, म्हणून आम्ही बचावलो असे मला वाटते. असा प्रसंग आलाच, तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि घराबाहेर पडून 1906 या मदत क्रमांकावर कळवावे.

दुसरा मुद्दा सुटकेचा. वाढवलेले स्वयंपाकघर लांबट होते. शेगडी जर आतल्या वाटेजवळ असेल आणि तिथेच भडका उडाला, तर पलीकडे उभा असलेला माणूस कोंडला जातो. तरुण मनुष्य खिडकीतून उडी टाकू शकेल. गुडघे दुखणारी आजी नाही.

तिसरा मुद्दा उन्हाचा. ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. बंद काचेमागे तासभर बसूनही तो लाभ होत नाही. दारात पाट किंवा खुर्ची टाकून सकाळी दहानंतरचे थोडे ऊन अंगावर घेणे वेगळे. आणि चौथा मुद्दा आईने सांगितला तो. कढीपत्ता मागायला येणारी शेजारीण, मागून हाक मारणारी भाजीवाली, ही दाराची माणसे. ज्यांचे पुढच्या दारापर्यंत जाणे कमी झाले आहे, त्यांच्यासाठी परसदार म्हणजे उरलेला गाव असतो.

सरकते काचेचे दार

दार व खिडकी दोन्ही एकातच साधतात, म्हणून सरकते दार अनेकांना आवडते. तरुण कुटुंबाला ते शोभते. परंतु वृद्धांच्या घरात त्याच्या तीन अडचणी मी पाहिल्या आहेत. खालची रूळपट्टी पायाला अडखळते. स्वच्छ काच अधू दृष्टीला दिसत नाही आणि कपाळ आपटते. शिवाय ते जड दार सांधेदुखीच्या हातांना सरकत नाही. बसवायचेच असेल, तर रूळपट्टी फरशीच्या पातळीत बुडवावी आणि काचेवर डोळ्यांच्या उंचीला रंगीत पट्टी लावावी.

भिंतभर दाराचा आणखी एक तोटा असा की, ओट्याला भिंत उरत नाही. मग शेगडी आतल्या अंधाऱ्या बाजूला जाते.

आम्ही काय केले आणि काय चुकले

शेवटी आम्ही दोन्ही ठेवले. एका कोपऱ्यात दार घेतले. चौकट वगळून नव्वद सेंटिमीटर मोकळी वाट राहील असे ते रुंद ठेवले, म्हणजे पुढेमागे चाकांची खुर्ची किंवा वॉकर सहज जावा. उरलेल्या भिंतीत पाच फूट रुंद व चार फूट उंच खिडकी केली. खिडकीखाली भांडी घासण्याची जागा ठेवली आणि शेगडी बाजूच्या भिंतीला नेली, कारण खिडकीसमोरची ज्योत वाऱ्याने विझते. दारावर बाहेरून आत येणारा माणूस गरम कढई उचललेल्या माणसावर आदळू नये, म्हणून येण्याजाण्याची वाट शेगडीपासून दूर ठेवली.

नव्या खोलीमुळे जुन्या स्वयंपाकघराची खिडकी आत बंदिस्त झाली आणि ती खोली भरदिवसा काळोखी होऊ लागली. स्वयंपाकघर पुढे वाढवताना बहुतेकांच्या नजरेतून हे निसटते. अभियंत्याला विचारून आम्ही जुन्या भिंतीतील भोक रुंद केले आणि छतात काचेचा झरोका ठेवला.

एवढी काळजी घेऊनही मी एक चूक केली. नव्या मोरीचे पाणी आत येऊ नये म्हणून गवंड्याने नवी जमीन तीन इंच खाली घेतली आणि मी मान डोलावली. रुग्णांना रोज जे सांगतो, ते स्वतःच्या घरी विसरलो. दीड महिन्यातच आई त्या तीन इंचांवर अडखळली. पडताना हात टेकला आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. मोठी पायरी माणूस पाहून उतरतो. अशी अर्धवट पायरी दिसतच नाही. आता तिथे उतार केला आहे. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, म्हणजे तीन इंचांसाठी तीन फूट. घर मोठे करताना मी ते तीन इंच पाहिले असते, तर आईचे सहा आठवडे वाचले असते.

गवंडी येण्यापूर्वी

घरातील वृद्धांना हाताशी घेऊन पुढील गोष्टी जागेवर उभे राहून ठरवाव्यात.

खिडकीची कडी ओट्यापलीकडे हात लांबवून, जमिनीवर उभे राहूनच लागली पाहिजे. कडीसाठी स्टुलावर चढणे म्हणजे पडण्यास आमंत्रण. आजी किंवा आजोबा बसून काम करत असतील, तर बसल्या डोळ्यांना बाहेरचे दिसेल इतकी खिडकीची खालची कड उतरती असावी.

दाराला उंबरा नसावा. शास्त्रासाठी हवाच असेल तर फरशीत बसवलेली पट्टी करावी. बाहेर पायऱ्या असतील, तर प्रत्येक पायरी सारख्याच उंचीची, सहा इंचांहून अधिक नसलेली असावी आणि धरायला भक्कम कठडा असावा. दाराबाहेरची फरशी खरखरीत हवी; पावसाळ्यात शेवाळ धरते. जाळीचे वेगळे पाखे असले, तर डास आणि उंदीर थोपवून मुख्य दार उघडे ठेवता येते.

घरातील कोणी विस्मरणाने भटकत असेल, तर परसदाराला घंटी बांधावी. कुलूप घालणे हा सोपा उपाय वाटतो, पण आगीच्या वेळी तेच दार जीवघेणे ठरते. गॅसवर पाणी तापवण्याचे यंत्र नव्या बंदिस्त भागात मुळीच बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

आईचे मनगट आता बरे आहे. भाजी निवडायला ती खिडकीजवळ बसत नाही. तिची खुर्ची दाराच्या चौकटीला लागून असते. उजेड मात्र तिला खिडकीतूनच मिळतो. आपल्याकडे भिंत एकच असेल आणि निवड करणे भागच असेल, तर रोजच्या श्वासासाठी व दृष्टीसाठी खिडकी मोठी ठेवावी. पण दार काढून टाकू नये, लहान करावे. आणि कोणती जागा कुणाला द्यायची हे ठरवण्याआधी, त्या भिंतीपाशी दिवसातला सर्वाधिक वेळ जो बसणार आहे, त्याला एकदा विचारावे.