कर्करोगाच्या रुग्णाला झोप का येत नाही?

कर्करोगाच्या रुग्णाला भेटायला येणारी मंडळी जेवण जाते का विचारतात, केस गेले का विचारतात, खर्च किती आला हेही विचारतात. झोप लागते का, हे सहसा कोणी विचारत नाही. रुग्णही डॉक्टरांजवळ तो विषय काढत नाही. एवढे मोठे दुखणे अंगावर असताना झोपेची काय कुरकुर करायची, असे त्याला वाटते. घरच्यांनी तर निदान केलेलेच असते: "टेन्शन, दुसरे काय!" काळजी हे कारण खरेच आहे. पण सगळा दोष तिच्या माथी मारला की सहज दूर होण्यासारखी कारणेही तशीच राहून जातात.

कर्करोगाच्या रुग्णांत निद्रानाश इतरांपेक्षा दुपटी-तिपटीने आढळतो. एखादी रात्र तळमळत जाणे म्हणजे निद्रानाश नव्हे. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लवकर लागत नाही, किंवा मध्येच जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, आणि त्यामुळे दुसरा दिवस ग्लानीत जातो, असे होऊ लागले की त्याची दखल घ्यावी.

अशा रुग्णाच्या औषधांची पिशवी मी आधी पाहतो. केमोथेरपीत उलट्या होऊ नयेत म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. पुढचे दोन-तीन दिवस त्याच्या गोळ्याही असतात. हे औषध झोप उडवते. चिठ्ठीवर 'दिवसातून दोनदा' लिहिलेले असते आणि आपल्याकडे दोनदा म्हणजे सकाळ-संध्याकाळ असा हिशेब! दुसरी गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घेतली तर चालेल का, एवढेच आपल्या डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने बंद मात्र करू नका. स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या पुष्कळ बायकांना रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन घामाने जाग येते. तेही सांगावे, त्यावर उपाय आहेत.

दुसरे कारण दुखणे. दिवसा माणसांत वेळ जातो, रात्री सामसूम झाली की ठणका जाणवतो. मॉर्फिनचे नाव काढले की नातेवाईक दचकतात, जणू आता संपलेच! तसे नाही. वेदना आहे तोवर आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तोंडाने घ्यायचे ते औषध आहे. साध्या गोळीचा असर सुमारे चार तासच टिकतो, त्यामुळे रुग्ण पहाटे कण्हत उठतो. झोपतानाची मात्रा वाढवणे किंवा बारा तास चालणारी गोळी देणे डॉक्टरांच्या हाती असते. पण पहाटे जाग येते, हे त्यांना कोणी सांगायला हवे ना?

आता घरातल्या मायेबद्दल थोडे. "तू पडून राहा, उठू नकोस," असे आपण प्रेमाने सांगतो. खाट हॉलमध्ये, समोर टीव्ही, पायथ्याशी पाहुणे, जेवणही तिथेच. दुपारी दोन-तीन तास झोप होते आणि रात्री डोळे टक्क उघडे. स्पीलमन या अमेरिकन संशोधकाने 1987 मध्ये निद्रानाशाची उकल करताना एक महत्त्वाची गोष्ट मांडली. झोप ज्या कारणाने बिघडते ते पुढे निघून गेले, तरी दरम्यान लागलेल्या सवयी निद्रानाश चालू ठेवतात. म्हणूनच उपचार संपून वर्ष झालेल्या माणसालाही झोप नसते. मनाला 'खाट म्हणजे जागरण' अशी सवय जडलेली असते.

ती मोडण्याचे उपाय औषधाविना आहेत आणि कर्करोगाच्या रुग्णांत त्यांचा चांगला उपयोग होतो, हे आता सिद्ध झाले आहे. खाट रात्रीच्या झोपेसाठीच ठेवावी. दिवसा खुर्चीत, ओसरीवर बसावे. अंथरुणात वीसेक मिनिटे झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसावे, झोप आली की परत यावे. अशक्त रुग्णाने एकट्याने उठू नये, अंथरुणातच उशीला टेकून बसले तरी पुरे. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच असावी. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, तीही तीनच्या आत. डॉक्टरांची हरकत नसेल तर सकाळच्या उन्हात थोडे चालावे. थकवा वाढेल ही भीती बहुधा खोटी ठरते.

शेजाऱ्याच्या डब्यातली अल्प्राझोलामची गोळी मात्र घेऊ नका. मॉर्फिनबरोबर अशी गोळी पडली तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडतो, ते वेगळेच.

एक नाजूक बाब. पुष्कळ घरांत रुग्णाला 'साधी गाठ आहे' एवढेच सांगितलेले असते. पण हॉस्पिटलची पाटी त्यालाही वाचता येते. मग तो रात्रभर अंदाज बांधत राहतो आणि विचारायला कोणी नसते. त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे डॉक्टरांच्या मदतीने हळूच विचारावे. मन सतत उदास असेल, जगणे नको असे बोलणे निघाले, आडवे होताच दम लागत असेल किंवा रात्री बरळणे सुरू झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.

इतरांनी पुढच्या भेटीपूर्वी आठवडाभर एका वहीत झोपेची व उठण्याची वेळ, मध्ये किती वेळा जाग आली व कशाने, आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, हे लिहून न्यावे. रुग्णाला लिहिणे जमत नसेल तर घरातल्या शाळकरी पोरानेही ते लिहिले तरी चालेल.